मास्तरांची सही

तिनं चाचणीच्या फाइलमधला आठचा आकडा खोडला आणि तिथं एक लिहिला. बस, एवढंच. मास्तरांच्या प्रोग्रॅमला आता प्रोसेसरच्या आठ कोअरऐवजी, म्हणजे आठ इंजिनांऐवजी, एकाच कोअरवर धावायचं होतं. तिच्या स्वतःच्या प्रोग्रॅमला आठही मोकळे. तिनं फाइल सेव्ह केली, खुर्ची मागे सरकवली आणि कॉफी प्यायला गेली.

फोन आल्याबरोबर जवळची रुग्णवाहिका शोधून देणारा सर्व्हर त्यांची कंपनी चालवायची. तो आता थकला होता, आणि नवा कुठल्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहायचा यावर महिनाभर वाद चालला होता; शेवटी दोन्ही बाजूंच्या नमुना प्रोग्रॅमची चाचणी घ्यायचं ठरलं. मास्तर म्हणजे मुख्य अभियंता. दुसऱ्याच्या कामात चुका काढायच्या सवयीमुळे पडलेलं नाव. त्यांनी गो सुचवली होती. शिकायला सोपी, अर्ध्या ऑफिसला येणारी. मेमरीतला पसारा आपला आपण आवरते, फक्त आवरताना क्षणभर अडखळते. तिनं रस्ट मांडली होती. रस्ट अडखळत नाही, कारण मुळात पसारा होऊच देत नाही. रस्टचा कंपायलर, म्हणजे लिहिलेलं तपासून यंत्राच्या भाषेत नेणारा प्रोग्रॅम, खाष्ट सासूसारखा प्रत्येक ओळीला नाक मुरडतो. ऑफिसात रस्ट येणारं माणूस एकच होतं.

खरं सांगायचं तर भाषेशी तिला फारसं देणंघेणं नव्हतं. तिला मास्तर त्या सर्व्हरवरून उतरलेले पाहायचे होते. काही वर्षांपूर्वी ऐन संध्याकाळी सर्व्हर बंद पडला, तेव्हा चूक मास्तरांची होती. चौकशीत मात्र त्यांनी खापर तिच्या डोक्यावर फोडलं. वर, "नवीन पोरगी आहे, होतं असं," म्हणाले. तो मोठेपणाच तिला जास्त झोंबला. तिची रवानगी चाचणी विभागात झाली, आणि दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासत बसणं नशिबी आलं. रस्ट ती घरी शिकली, जेवणं उरकल्यावर, दातओठ खाऊन.

मीटिंगमध्ये उत्तराला लागणाऱ्या वेळाचा आलेख भिंतीवर झळकला. तिची रेघ सरळ गेली होती. मास्तरांची मध्येच उसळून छताला टेकली होती.

"एवढा फरक?" संचालकबाई म्हणाल्या. "मास्तर, तुम्ही तपासलंत हे?"

मास्तरांनी चष्मा वर केला आणि आलेखाकडे बघत राहिले. स्वल्पविरामसुद्धा न सोडणारा माणूस.

"तपासलं," ते म्हणाले. "रस्टच घ्या."

आणि त्यांनी सही केली.

"मग ठरलं," संचालकबाई तिच्याकडे वळल्या. "आजपासून सर्व्हर तुमचा. नवा तयार होईपर्यंत जुन्याचीही जबाबदारी तुमचीच."

सगळ्यांनी अभिनंदन केलं. ती मास्तरांचा चेहरा उतरायची वाट बघत होती. तो उतरला नाही. पाणी पाजावं आणि समोरच्यानं तहान लागल्यासारखं घटाघटा प्यावं, तसं काहीतरी झालं होतं. तिला राग आला.

खोली रिकामी झाली तरी मास्तर बसूनच होते.

"एक कोअर," ते म्हणाले.

तिनं लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"पहिल्याच दिवशी दिसलं मला. आठ देऊन मी पुन्हा चालवून बघितलं. रस्ट पुढे आहे, पण केसाएवढी."

"मग बोलला का नाहीत?" तिचा आवाज तिलाच चिरका वाटला.

"कुणाची गाडी उशिरा पोचणार असती, तर बोललो असतो. दोन्ही पुरेशा जलद आहेत."

"ते नाही विचारलं मी."

मास्तर हसले. "गो आली असती, तर प्रोग्रॅम माझा म्हणून सर्व्हर माझ्याच गळ्यात राहिला असता. पोरीच्या लग्नात फोन, बायकोच्या ऑपरेशनला फोन. रजा मागितली की वरचे म्हणतात, तुमच्याशिवाय हा सर्व्हर सांभाळता येतो कुणाला? आता रस्ट कुणाला येते? सुंठीवाचून खोकला जात होता, मी कशाला तोंड उघडू?"

इतकी वर्षं घोटून घोटून ठेवलेलं वाक्य शेवटी तिच्या तोंडून निघालं.

"तेव्हा चूक तुमची होती."

"हो," मास्तर म्हणाले. "सगळ्यांना माहीत होतं. पण मला हलवलं असतं तर सर्व्हर कुणी सांभाळला असता?"

त्यांनी खिशातून ऑफिसचा जाडजूड फोन काढला आणि तिच्यासमोर ठेवला.

"रात्री उशाशी ठेवत जा. आवाज बंद करायची सोय नाही त्यात."

ते उठून गेले. काचेपलीकडच्या लांब व्हरांड्यात कुणीतरी त्यांना गाठलं, काहीतरी विचारलं. मास्तरांनी नकारार्थी मान हलवून तिच्या खोलीकडे बोट दाखवलं आणि ते पुढे निघाले. इतक्या वर्षांत त्यांना सावकाश चालताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं.