थोरलीचं क्लॅरिनेट

बँडच्या तालमीचं सभागृह जमिनीखाली होतं. हवा यायची ती छताजवळच्या जाळीतून, आणि त्या जाळीतून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसायचे. क्लॅरिनेटच्या रांगेत दोनच खुर्च्या. पहिली, मानाची, मोकळ्या बाजूला, बँडमास्तरांच्या समोर. दुसरी भिंत आणि खांब यांच्या बेचक्यात. तिच्यावर बसलेल्याला बाहेर पडायचं तर पहिलीवरच्याला आधी उठावं लागे.

पहिलीवर थोरली जाऊ बसायची, दुसरीवर धाकटी. घरही एकच, स्वयंपाकघरही एकच. धाकटी दिवसभर औषधांच्या दुकानात उभी असायची, परक्यांच्या दुखण्यांवरची औषधं हसतमुखानं पिशव्यांत घालून द्यायची. संध्याकाळी मात्र वाद्य ओठांना लागलं की तिला स्वतःचा श्वास ऐकू यायचा. दिवसाच्या उजेडात तो कुठं असायचा कोण जाणे.

गेल्या हिवाळ्यापासून थोरलीची अनामिका आखडू लागली होती. वर चढत जाणाऱ्या तानेत ते एक बोट मागं राही. मग थोरली नुसतेच गाल फुगवायची आणि तान धाकटी वाजवायची, इतकी बेमालूम की बँडमास्तर थोरलीकडं बघून मान डोलवायचे. याबद्दल दोघींमध्ये एक अक्षरही झालं नव्हतं. घरातल्या खऱ्या गोष्टी बोलायच्या नसतात. अंधारात सामानाला धक्का न लावता चालावं, तसं त्यांच्या कडेकडेनं चालायचं असतं.

बँडमास्तर पेशानं दातांचे डॉक्टर. खुर्च्यांवरून चाललेल्या रुसव्याफुगव्यांना ते विटले होते. ट्रम्पेटवाले दोघं तर एकमेकांशी बोलतच नसत. निरोप ढोलवाल्यामार्फत जात.

"तोंड बघून खुर्ची देतो म्हणतात मला," एका तालमीत ते कडाडले. "तोंडं मी दिवसभर बघतोच. पुढच्या आठवड्यात प्रत्येकानं पडद्यामागं वाजवायचं. चिठ्ठीवर फक्त नंबर. कान सांगतील ती पहिली खुर्ची."

"आणि मी?" ढोलवाल्यानं विचारलं.

"तू एकटाच आहेस बाबा."

"म्हणजे माझं भांडण माझ्याशीच. घरी आहे तसंच!"

सगळे हसले. धाकटी हसली नाही. तिच्या छातीत काहीतरी पिंजऱ्याच्या दाराशी येऊन उभं राहिलं होतं. ही खुर्ची तिला हवी होती. थोरल्या ताईंना न दुखावता, कुणाकडं न मागता ती मिळण्याचा हा एकच रस्ता होता.

दुसऱ्या दिवशी दोघी वाळलेले कपडे घडी करत होत्या. चादरीची दोन टोकं धाकटीकडं, दोन थोरलीकडं.

"माझ्या नंबराला तूच वाजव," थोरली म्हणाली.

"ताई, माझाही नंबर असेल ना."

"असू दे की. आधी माझं, मग तुझं. तुझी खुर्ची कोण घेतंय तुझ्याकडून?"

"आणि कळलं तर?"

थोरलीनं चादर ताणली. "वर्षभरात कळलं का कुणाला?"

धाकटीच्या हातातलं टोक निसटता निसटता राहिलं. वर्षभर दोघींनी न बोललेली गोष्ट ताई बोलून गेल्या होत्या. अगदी सहज.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "एका खुर्चीपायी वहिनीचं मन मोडू नकोस."

"मग त्यांनी सोडावी."

"त्या मोठ्या आहेत गं."

ती ताईंना जाऊन 'हो' म्हणाली. पण त्या होकाराच्या पोटात तिनं एक बारीकशी सुरी लपवून ठेवली: ताईंच्या नंबराला मुद्दाम अडखळायचं. एक स्वर फाटू द्यायचा, तान मध्येच सोडायची. कुणालाही 'नाही' म्हणावं लागणार नाही, आणि खुर्ची आपली होईल.

पडदा जाड, धुळकट होता; क्लॅरिनेटच्या दोघी एकदमच त्याच्यामागं गेल्या. थोरलीला एक नंबर आला, धाकटीला दोन. बाहेरून पुकारा झाला, "क्लॅरिनेट, एक!" थोरलीनं आपलं वाद्य पुढं केलं.

धाकटीनं ते कधी हातातही घेतलं नव्हतं. तिचं स्वतःचं प्लॅस्टिकचं होतं. हे काळ्याभोर लाकडाचं. तिनं पहिला स्वर लावला, आणि तो तिनं लावला तसा न येता, तिला जसा हवा होता तसा आला. आयुष्यात पहिल्यांदा. आता अडखळायचं, तिनं स्वतःला बजावलं. पुढच्या वळणावर. मग त्याच्या पुढच्या. तान चढू लागली आणि बोटांनी तिचं ऐकणं सोडून दिलं. इतका भरलेला स्वर फाडायचा कसा? तो कुणाच्या नावावर जमा होणार हे तिला कळत होतं, पण वाईट वाजवणारी बाई म्हणून पडद्यामागंदेखील तिला उभं राहवेना. शेवटचा स्वर तिनं जितका लांबवता येईल तितका लांबवला. त्याच्या पलीकडं काय आहे ते ती ओळखून होती.



थोरलीनं वाद्य काढून घेतलं, रुमालानं टोक पुसलं. "दोन!" पुकारा झाला.

आपल्या वाद्यावर धाकटी आताच झालेल्या तानेचा पाठलाग करू लागली. पण ती पुढं निघून गेली होती, आणि हे प्लॅस्टिक किरट्या आवाजात तिच्या मागं धापा टाकत होतं. तिनं जोर लावला, स्वर फाटला. ज्या जागी पहिल्या खेपेला फाडायचा होता, नेमका त्याच जागी.

पडदा सरकला. बँडमास्तर उभे होते, डोळे ओले.

"एक नंबर कुणाचा?"

थोरलीनं चिठ्ठी वर धरली. टाळ्या झाल्या. ट्रम्पेटवाले दोघं एकमेकांकडं बघून "वा!" म्हणाले. धाकटीच्या अंगावर काटा आला. ते कौतुक तिचंच होतं, ते तिच्या कातडीला कळत होतं, आणि त्या सुखाची तिला इतकी लाज वाटली की तीही टाळ्या वाजवू लागली.

"यंदाच्या कार्यक्रमात ही तान तुम्ही एकट्यानं वाजवायची," बँडमास्तर थोरलीला म्हणाले. "बाकी सगळे गप्प राहतील." मग धाकटीकडं वळून, जरा मायेनं, "तुम्ही घाबरून वाजवता. यांच्याकडून शिका."

थोरलीनं एकदा आपल्या आखडलेल्या अनामिकेकडं बघितलं. तिनं धाकटीच्या दंडाला धरलं. बाहेरून बघणाऱ्याला ती माया वाटली असती; पण आखडलेल्या बोटासकट पाचही बोटं मांसात रुतली होती.

"शिकेल हो," ती म्हणाली. "घरातच तर आहे."

तिनं धाकटीला आधी आत, खांबाच्या बेचक्यात जाऊ दिलं, आणि मग आपली खुर्ची तिच्या आणखी जवळ ओढून घेतली.