खालचा खण

साहेब बदलला की आमच्या पैनगंगा विद्यापीठात फक्त खुर्चीवरचा टॉवेल बदलतो, असं मी एकवीस वर्षं सांगत आलोय. परीक्षा नियंत्रक म्हणून आसमा मॅडम आल्या तेव्हाही मी म्हणालो, नव्याचे नऊ दिवस.

आधीच्या साहेबांचा खाक्या असा, की कोणाची चूक सापडली की सगळ्या कारकुनांना उभं करून त्याचा मेमो मोठ्यानं वाचायचा. त्यानं चुका कमी झाल्या नाहीत, सापडायच्या तेवढ्या बंद झाल्या. ज्या अर्जात आपलीच चूक दिसेल तो टेबलाच्या खालच्या खणात टाकायचा आणि पोरांना 'उद्या या' म्हणायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

माझ्या खणात रोहिणखेडच्या धम्मशीलाचा अर्ज होता. तिनं पेपर दिला होता आणि मी संगणकात तिला गैरहजर भरलं होतं. आठ महिने ती खिडकीवर येत होती, मी परत पाठवत होतो. त्या मंगळवारी ती म्हणाली, "सर, बी.एड.चा फॉर्म भराची आज शेवटची तारीख हाये. एक साल तं गेलंच, आता दुसरंही जाईन."

"थांब," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे. अर्ज काढला आणि मॅडमकडे गेलो.

मॅडमनी अर्ज वाचला. "आठ महिने कुठं होता हा?"

"खालच्या खणात."

"काऊन?"

"भेव वाटे, मॅडम."

त्यांनी अर्जावर लिहिलं, 'चूक कार्यालयाची आहे. दुरुस्ती आजच करावी.' खाली सही केली आणि हॉलमध्ये आल्या. आता मला उभं करणार, असंच वाटलं. त्या म्हणाल्या, "असे कागद अजून कोणाच्या खणात असतील तर या टेबलावर ठेवा. सगळ्यांवर मी 'चूक कार्यालयाची' एवढंच लिहिणार आहे. कोणाचं नाव विचारणार नाही."

मग रेकॉर्ड सांभाळणारे हैदरभाई उठले. दोन महिन्यांत रिटायर होणारा माणूस. कपाट उघडून त्यांनी दोरीनं बांधलेला गठ्ठा आणून ठेवला. "मॅडम, यातले काही लेकरं आता बाप झाले असतीन."

त्यानंतर खण उघडायचे आवाज येत राहिले. ज्या हॉलमध्ये चहाशिवाय कोणी जागचं उठत नसे, तिथं दुपारचे डबे तसेच राहिले. हैदरभाई स्वतः शिडीवर चढून जुने हजेरीचे तक्ते काढून देत होते. माणसं तीच, टेबलं तीच. मी थक्क होऊन बघत होतो. एवढं काम आमच्या अंगात होतं, हे मला एकवीस वर्षांत कळलं नव्हतं.

दीड वाजता धम्मशीलाला आत बोलावून गुणपत्रिका दिली. टेबलावर तिच्या पेपरचा हजेरीचा तक्ता उघडाच होता.

"सर, किती वेळाचं काम होतं हे?"

"दहा मिनिटांचं," मी खरं ते सांगितलं.

ती मला बोलेल म्हणून मी मान खाली घातली. तिनं तक्त्यावरच्या आपल्या सहीवर बोट ठेवलं.

"घरचे म्हणत, तूच सही कराची विसरली असशीन," ती म्हणाली. "मलेही तसंच वाटाले लागलं होतं."