धूर नाही

साहेब, न पाहता लिहिलंत तुम्ही, आणि सील ठोकलंत मला.

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे. जपानी पद्धतीचं भाजलेलं मांस मिळणाऱ्या एका छोट्या हॉटेलात, टेबलाच्या मधोमध मला बसवलं होतं. तिथे मांसाचे कच्चे, पातळ काप ताटलीत यायचे आणि माणसं आपापल्या हातांनी माझ्यावर भाजून खायची. काप चुरचुरला की उलटायचा, तोही एकदाच, आणि तिळाच्या रसात बुडवून गरमागरम तोंडात टाकायचा. दर रविवारी दुपारी एक आजोबा नातीला घेऊन यायचे. "सारखं उलटतेस कशाला, ते काय वर्तमानपत्र आहे?" असं तिला चिडवायचे, आणि सगळ्यांत चांगला काप तिलाच वाढायचे. 'हिचा निखारा बघा, धुराचं नाव नाही,' म्हणून लोक माझी वाहवा करायचे. ऐकून मला बरं वाटायचं. तेव्हा वाटायचं.

चिकट झालेली जाळी काढून स्वच्छ जाळी ठेवणाऱ्या बाईंना सगळे जाळीताई म्हणत. दिवसभर त्या माझ्यावर वाकलेल्या. थंडीत दारं-खिडक्या लावून घेतल्या आणि नेमका वरचा, हवा बाहेर ओढणारा एक्झॉस्ट पंखा बंद पडला. ताईंनी मालकांना दोनदा सांगितलं. मालक म्हणाले, बघू.

मग तपासणीला तुम्ही आलात, साहेब. आधी जेवलात. ताई स्वतः येऊन म्हणाल्या, की दुपार झाली की डोकं गरगरतं.

"अहो बाई, धूर कुठाय?"

"धूर नाही साहेब, पण गरगरतं."

"मग चष्मा बदला," म्हणालात. मालक हसले. तुम्ही लिहिलंत : धूर नाही, एक्झॉस्ट चालू. मान वर करून पाहिलंसुद्धा नाहीत.

धूर नव्हताच, मित्रांनो. चांगला निखारा धूर करत नाही. त्याचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. तपासणीनंतर नवव्या दिवशी ताई जाळी ठेवायला वाकल्या त्या उठल्याच नाहीत. आचाऱ्याने उचलून बाहेर नेलं. जीव वाचला. पण आता त्या हातात पेला घेऊन उभ्या राहतात आणि लेकीला विचारतात, मी कशाला उठले होते गं? काम गेलं ते गेलंच.

कागदावर दोष माझा लागला. पुरावा म्हणून मी तुमच्याच कचेरीच्या कोपऱ्यात पडून आहे. थंड लोखंड. मला काही वाटत नाही.

मित्रांनो, बंद खोलीत निखारा असेल तर खिडकी उघडा. डोकं गरगरलं तर बाहेर पडा, धुराची वाट पाहू नका.

आणि साहेब, आज सकाळी ताईंची लेक इथे आली. ओरडली नाही, रडली नाही. तुमचा अहवाल पुढे धरून एवढंच म्हणाली, "आईने सांगितलं होतं, ते यात कुठे लिहिलंय?"

तुम्ही म्हणालात, त्याला रकाना नव्हता.

रकाना नव्हता, की कान नव्हते? ती अजून बाहेर बाकावर बसली आहे. उत्तर द्या.