टाकीवरचे कुलूप

मित्रांनो, मी एक जुने पोकलेन आहे. लांब हाताचे, दातेरी बादलीचे, जमीन खोदणारे यंत्र. माझ्या टाकीतले डिझेल नाहीसे होते आहे, हे ज्या दिवशी उघड झाले, त्या दिवसापासूनच सांगते.

सकाळी मालकीणबाईंनी माझ्या टाकीत काठी बुडवून पाहिली. काम नेहमीएवढेच झाले होते, पण काठी जेमतेम टोकाला भिजली. माझ्या ड्रायव्हरला त्या इतकी वर्षे काका म्हणत. त्या दिवशी म्हणाल्या, "ड्रायव्हर, डिझेल जातंय कुठे?"

"कामाला जातंय, ताई. मी काय घरी नेऊन भाजीला फोडणी देतो?"

एरवी अशा बोलण्यावर त्या हसत. त्या दिवशी हसल्या नाहीत. दुपारी त्यांनी टाकीच्या झाकणाला कुलूप ठोकले आणि किल्ली पर्समध्ये टाकली. काका बाजूला उभे राहून बघत होते. त्यांनी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

मित्रांनो, मी काही जन्मतः म्हातारे नव्हते. कारखान्यातून आले तेव्हा माझा पिवळा रंग डोळ्यांत भरे. मी शाळेचा पाया खोदला, दवाखान्याचा खोदला, पाण्याच्या नळासाठी कोसभर चर खणला. कुंपणाबाहेर मुले उभी राहत आणि बादली वर गेली की ओरडत. मला फार बरे वाटे. पहिल्या दिवसापासून माझ्या खुर्चीवर काकाच आहेत.

रोज सकाळी मला चालू करण्याआधी ते इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी ओढून काढतात, फडक्याने पुसतात, पुन्हा बुडवून पाहतात. ही फडकी काकू, म्हणजे त्यांची पत्नी, शिवून देत असे. जुन्या चादरीचे चौकोन कापायची आणि चारही कडा दुमडून टीप मारायची. सुटा धागा इंजिनात जाऊ नये म्हणून. दर आठवड्याला धुऊनही द्यायची. गेल्या वर्षी काकू वारली. तिने शिवलेली दोन फडकी उरली. एक वापरातले, एक खुर्चीखाली घडी घातलेले. वापरातले काकांनी तिच्यामागे धुतले नाही.

माझे आजारपण त्याच सुमाराला सुरू झाले. माझ्या इंजिनात सहा इंजेक्टर आहेत. कपड्यांना इस्त्री करताना आपण पाण्याचा बारीक फवारा मारतो ना, तसा डिझेलचा फवारा मारणे हे त्यांचे काम. वर्षानुवर्षे फवारून ते झिजले. फवारा मारायच्या ऐवजी गळक्या नळासारखे ठिबकू लागले. मी काळा धूर सोडू लागले, चढावर दमू लागले. मालकीणबाई म्हणत, "चालतंय ना? मग चालू दे."

गंमत अशी, की पूर्वी मला अधूनमधून ऑइल घालावे लागे. आता पट्टी कायम भरलेली दिसे. काका सगळ्यांना अभिमानाने सांगत, "आमची म्हातारी बघा, या वयातही ऑइल पीत नाही!"

त्या बढाईतच सगळे दडले होते, पण कुणाच्या लक्षात आले नाही.

कुलूप लावूनही डिझेल कमी होतच राहिले. मग संशय आणखी वाढला. डंपरवाला येता-जाता विचारी, "काय काका, डिझेल ओढायची नळी कुठे लपवली?" शेवटी मालकीणबाईंनी नवा ड्रायव्हर ठरवला. यंत्र त्याच्या हाती देण्याआधी एकदा तपासून घ्यावे, म्हणून त्यांनी मिस्त्रीला बोलावले.

मिस्त्री आला तो बडबडतच. "धूर बघून वाटलं, इथे वीटभट्टी सुरू केली!" त्याने ऑइलची पट्टी काढली आणि काकांकडे फडके मागितले. पट्टी पुसता पुसता थांबला. फडके नाकाला लावले.

"काका, हे डिझेलमध्ये धुता काय?"

"छे. ते फक्त या पट्टीला लागतं. माझ्या नाकाला दिवसभर डिझेलचाच वास, मला काय कळणार?"

मिस्त्रीने ऑइलचा थेंब दोन बोटांत चोळला. ते पाण्यासारखे पातळ होते. "ताई, इकडे या. तुमचा चोर सापडला. बेडी कुणाला घालता?"

मालकीणबाई जवळ आल्या.

"इंजेक्टर ठिबकतायत. थोडं डिझेल धुरातून गेलं आणि बाकीचं खाली ऑइलमध्ये उतरलं. म्हणून तर पट्टी भरलेली. आणखी थोडे दिवस असंच चाललं असतं, तर इंजिन जाम झालं असतं."

काका माझ्या चाकांभोवतीच्या लोखंडी पट्ट्यावर बसले. फडक्याकडे बघत म्हणाले, "ती असती तर पहिल्या धुण्यालाच म्हणाली असती."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने आधी इंजिनाचे डोके धुऊन धूळ काढली, मग एकेक जुना इंजेक्टर उपसला. प्रत्येकाच्या टोकाला तांब्याची चकती असते. शेवटच्याची चकती आलीच नाही. ती भोकाच्या तळाशी चिकटून बसली होती. तिच्यावरच नवा इंजेक्टर बसवला असता, तर तो घट्ट बसला नसता आणि सगळा खटाटोप पाण्यात गेला असता. बॅटरीचा उजेड धरून, वाकड्या तारेने त्याने ती अलगद काढली. "भोकं झाकायला स्वच्छ कापड द्या. धागे सुटणारं नको." काकांनी खुर्चीखालची घडी काढली, क्षणभर हातात धरली आणि दिली.

नवे इंजेक्टर बसले. ऑइल बदलले. नळ्यांतली हवा काढली आणि काकांनी किल्ली फिरवली. मी आधी खोकले, पांढरा धूर सोडला आणि मग असा श्वास घेतला, की मलाच माझे नवल वाटले. काका मोठ्याने हसले. काकू गेल्यापासून मी ते हसणे ऐकले नव्हते.

मित्रांनो, तुमच्याकडची वस्तू खोकू लागली, तर वेळेवर तिच्याकडे बघा. आणि घरातले काही नाहीसे झाले, तर माणसाच्या तोंडाकडे बघण्याआधी वस्तूच्या पोटात बघा.

नवा ड्रायव्हर आला नाही. खुर्चीवर काकाच आहेत. मालकीणबाई त्यांना पुन्हा काका म्हणू लागल्या आहेत. टाकीची किल्ली त्यांनी काकांपुढे धरली, तेव्हा काका म्हणाले, "ताई, तुम्ही लावलंय, तुम्हीच काढा." त्या "हो, उद्या काढते" म्हणाल्या.

कुलूप अजून काढलेले नाही.