रविवारी, नाहीतर सोमवारी

कराडशेजारच्या मलकापूरच्या जर्मन वर्गात तीन ऑक्टोबरचा कार्यक्रम ठेवण्यामागं राणी मॅडमचा हेतू सरळ होता. वर्गातल्या बारा नर्स जर्मनीला नोकरीसाठी निघाल्या होत्या आणि काही पालकांची संमतीपत्रं अजून यायची होती. त्या देशाच्या एकीकरणाच्या दिवशी पालकांना बोलवावं, समोसे खिलवावेत, सह्या घ्याव्यात. दारात जर्मन झेंड्याची रांगोळी होती. तिचा काळा पट्टा मुलींनी कोळसा कुटून, चहाच्या गाळणीनं गाळून भरला होता.

त्या बारांतल्या मायाचे वडील धुळा पहाटेच्या एसटीनं आटपाडीहून आले होते. घरी दीडशे मेंढरं. संमतीपत्राची घडी तीन आठवडे त्यांच्या खिशात होती. आज सही झाली नाही, तर मायाची जागा दुसरीला जाणार होती.

दिवसाची माहिती सांगायचं काम मायाकडंच होतं. एक देश चाळीसेक वर्षं दोन तुकड्यांत राहिला आणि १९९० साली याच तारखेला पुन्हा एक झाला, असं तिनं सांगितलं. धुळांनी हात वर केला.

"एक झाल्यावर किती दिस येगळं बसत हुती?"

लोक हसले. माया हसली नाही. दोन कळप एकत्र केले की मेंढरं दिवसा मिसळून चरतात, पण सांजेला आपापल्या जुन्या सोबत्यांतच बसतात. लहानपणी तिनं ते वहीत मांडून मोजलं होतं. मिसळून बसायला अकरा दिवस लागले होते. राणी मॅडम म्हणाल्या, त्या दोन तुकड्यांतल्या पगारातला फरक अजूनही पुरता मिटलेला नाही. धुळांना ते पटलं.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मायाला बाजूला घेतलं.

"तू कुणासंगं बसणार तितं?"

"सबीना हाय की." वर्गातलीच सबीना शेजारी उभी होती. कराडात तिच्या वडिलांचं, दस्तगीरभाईंचं, गाद्यांचं दुकान होतं.

"एकाच गावात?"

धुळा एकटी मेंढी कधी विकत आणत नसत. एकटी आणली की चार दिवस चाऱ्याला तोंड लावत नाही, म्हणून जोडीच आणायची. मायाला हे माहीत होतं, आणि कुणाला कुठला दवाखाना मिळाला ती यादीही माहीत होती. सबीनानं तिला कोपरानं ढोसलं. नुसतं 'व्हय' पुरलं असतं.

"न्हाई आप्पा. गावं येगळी हायती. रेल्वेनं पन्नास मिन्टं."

धुळांनी कागद परत खिशात घातला आणि चहा घेत बसलेल्या दस्तगीरभाईंकडं गेले. दोघं बराच वेळ बोलले. कराड-सातारा एवढाच पल्ला, लोक रोज नोकरीला जातात, असं दस्तगीरभाई सांगत होते. मग दोघंही राणी मॅडमसमोर येऊन उभे राहिले. दोन्ही कागदांवर खाली एक ओळ हवी होती: दर रविवारी दोघी एकत्र जेवतील. मॅडमनी समजावलं की हा कागद थेट तिकडच्या दवाखान्यात जातो, त्यावर असलं काही लिहीत नाहीत.

"लिवा बाई. मग सही," धुळा म्हणाले. मॅडमनी ओळ लिहिली.

"आयतवारी ड्युटी लागली तर?" मायानं विचारलं.

"मग सोमवारी. पर एकटीनं न्हाई."

ओळ तशी दुरुस्त झाली. तिकडं वाचता यावी म्हणून तिच्याखाली मायानं ती जर्मनमध्ये लिहिली. मॅडमनी तपासली, काही बदललं नाही.

"वाच," धुळा म्हणाले.

तिनं वाचली.

"सबीनाचं नाव आलं न्हवं त्यात?"

"आलं."

मग त्यांनी पेन मागितलं.