थंडीपर्यंत राखलेला याक

पामीरच्या पठारावर हिवाळ्याचं मांस एकदाच कापतात. शरद सरता सरता जमीन दगडासारखी घट्ट झाली, की एक याक कापायचा, तुकडे मागच्या खोपटात टांगायचे आणि वसंतापर्यंत कुऱ्हाडीने फोडून शिजवायचे. गेल्या वर्षी आम्ही नेहमीच्याच सुमारास कापला, पण थंडी लांबली आणि थोड्याच दिवसांत टांगलेल्या मांसातून पाणी ठिबकायला लागलं. अर्धं कुत्र्यांनी खाल्लं. माझी लेक आयपेरी तेव्हा पोटात होती. उरलेला हिवाळा मी खारट चहात भाकरी बुडवून काढला.

यंदा अपांनी, म्हणजे सासूबाईंनी, पुन्हा त्याच सुमारास सुरी परजायला काढली. कुबातने, माझ्या नवऱ्याने, दोर आणला.

"यंदा थांबायचं," मी म्हणाले.

आमच्याकडे सून असं बोलत नाही. कुबात आपल्या बुटांकडे बघत राहिला.

"हवामान खात्यात कधी लागलीस गं?" अपांनी विचारलं.

"खोपटातल्या बादलीत पाण्यावर नुसती बर्फाची साय धरतेय, अपा. घट्ट बर्फ कुठाय?"

"आणि गवत कुठाय? आत्ता चरबी आहे त्याच्या अंगावर. थांबलीस तर हिवाळाभर हाडं चोखशील."

त्यांचंही खरं होतं. पूर्वी याक पुरता भरायचा आणि थंडी यायची, दोन्ही एकाच वेळी. आता याक भरतो आणि थंडी येतच नाही. मधले दिवस तो नुसता झडत राहतो.

"चरबी मी सांभाळते."

"कशी? चमच्याने भरवणार?"

"आयपेरीला भरवते तसंच."

कुबात हसला. अपांनी बघितल्यावर खोकला.

दुसऱ्या दिवसापासून लेकीला कोटाच्या आत बांधून मी याकाला खालच्या झऱ्यापाशी नेऊ लागले. तिथे ओलीत थोडं गवत उरतं. बूट चिखलात रुतायचे. एरवी या दिवसांत तिथे पहारही रुतत नाही. पलीकडच्या कोरड्या माळावरून धूळ यायची. वाऱ्याकडे पाठ करून मी आयपेरीला पाजायची. तिच्या गरम श्वासाने गळ्यापाशी ओल यायची, आणि समोर याक चरत असायचा. दोघांची पोटं भरेपर्यंत हलायचं नाही, एवढंच ठरवलं होतं.

एकदा शेजारचे जोल्दोश अके, थोरल्या पुरुषाला आम्ही अकेच म्हणतो, मोटारसायकलवरून जाताना थांबले. त्यांनी आपला याक कधीच कापला होता.

"तू त्याला फिरवतेस, की तो तुला?"

"तोच मला. तुमचं मांस कसं आहे, अके?"

त्यांनी नाक चोळलं. "मीठ चोळलंय. वास जातो म्हणतात."

मग एका सकाळी झऱ्याकाठचा चिखल पायाखाली दबला नाही. मी टाचा आपटून पाहिल्या. लगेच याकाला घेऊन परतले.

"अपा, आज."

त्यांनी स्वतः बाहेर जाऊन अंगणात पहार मारली. पहार उसळली. "कुबात, दोर घे," त्या म्हणाल्या.

कातडं निघालं तशी अपांनी बरगडीवरच्या चरबीला बोटं लावली. "गेल्या साली तीन बोटं होती."

"आणि आता?"

"दोनाला कमीच." त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. "पुरवू. जपून खायचं."

संध्याकाळपर्यंत टांगलेले तुकडे एकमेकांवर लाकडासारखे वाजू लागले.

"पुढच्या साली थंडी आणखी उशिरा आली तर?" आयपेरीला मांडीवर घेत अपांनी विचारलं.

"झऱ्याकाठचं गवत उन्हाळ्यातच राखायचं. कुंपण घालून. मेंढ्या तिकडे सोडायच्याच नाहीत."

"लाकूड कुठलं इथे?"

"दगड आहेत की."

अपांनी आयपेरीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "ते तुझा नवरा उचलेल."

"मीही उचलीन. बर्फ वितळला की लागू कामाला."

कुबात खोपटात शेवटची तंगडी टांगत होता. त्याला अजून काही सांगितलं नव्हतं.