स्वयंपाकघर नसलेली खोली

रविवारी दुपारी सगळे बैठकीच्या खोलीत जमले, की सहलीचं ठरायचं. ठरवायचा तो वहिनीच्या नणदेचा नवरा. त्याला घरात सगळे कॅप्टन म्हणत. होडीत पाय ठेवला की त्याला मळमळायचं, पण रुबाब जहाज हाकणाऱ्याचा.

"समुद्राला लागून अख्खा बंगला मिळालाय," मोबाइल सगळ्यांसमोर नाचवत कॅप्टन म्हणाला. "आठवडाभर आपलाच! आणि वहिनी, तुमच्यासाठी खास. स्वयंपाकघर बघा केवढं आहे!"

वहिनी इस्पितळाच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. पहाटे मोठाली पातेली चढवायची, दुपारी उतरवायची. कोपरापर्यंत हातावर वाफेचे जुने डाग. घरी आलं की पुन्हा ओटा. आणि वर्षातून एकदा समुद्रावर जायचं, तर तिथेही भाड्याच्या घरातला ओटाच. गेल्या वर्षी सगळे पाण्यात डुंबत होते तेव्हा ती मासे तळत होती. परतताना गाडीत सासूबाई म्हणाल्या, "हवापालट छान झाला हो." तेव्हा वहिनीच्या केसांना तळणाचा वास येत होता.

तिने फोटो नीट पाहिला आणि मोबाइल परत दिला.

"घर छान आहे. स्वयंपाक कोण करणार?"

कॅप्टन हसला. "म्हणजे काय? तुमच्या हाताची चव..."

"माझा हात सुट्टीवर आहे. समुद्रावर मी येणार, पण या घरात नाही. तिथल्याच एका लॉजमध्ये मी खोली घेतलीय. स्वयंपाकघर नसलेली."

नणदेचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला.

"अगं, मला विचारायचंस तरी," वहिनीचा नवरा म्हणाला.

"बंगला ठरवताना मला कुणी विचारलं?"

"एकटी राहणार? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, बाई सुट्टीवर आलीय."

सासूबाईंनी नाक मुरडलं. "आणि माझं पथ्य? सूनबाई, या वयात मी बाहेरचं खाऊ?"

"नका खाऊ, आई. तुमच्या लेकाला शिकवते मी. एवढी मोठी गाडी चालवतात, भात काय पळून जातोय?"

त्या दिवसापासून घरात धुसफूस सुरू झाली. नवरा भिंतीशी बोलावं तसं बोलू लागला. नणदेचा फोन आला, "वहिनी, इतकं ताणू नकोस, तुटेल."

"तुटू दे. मी काय चुलीला बांधलेली म्हैस आहे?"

कॅप्टनने मात्र बंगला सोडला नाही. "तिथे गेल्यावर येतील आपोआप," तो सगळ्यांना सांगत सुटला.

निघायच्या आधी तिने खरंच नवऱ्याला ओट्यापाशी उभं केलं आणि आपण खुर्चीवर बसली. पातेलं उतू गेलं, झाकण खाली पडलं, नवरा बोट चोखत तिच्याकडे बघत राहिला. न उठणं हेच तिला सगळ्यात जड गेलं. हात नुसते शिवशिवत होते. तिने ते मांडीखाली दाबून धरले आणि म्हणाली, "आच कमी करा."

गाडी एकच होती, पण किनाऱ्यावर पोचल्यावर ती लॉजपाशी उतरली आणि आपली बॅग उचलून आत गेली. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय अडखळले असते, हे तिला ठाऊक होतं.

पहिल्याच दिवशी सवयीने पहाटे जाग आली. चढवायला काही नव्हतं. तिला स्वतःचाच राग आला. उठून ती तडक किनाऱ्यावर गेली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी छातीएवढ्या पाण्यात उभी राहिली. लाटेने दोनदा पाडलं. दोन्ही वेळा ती शिव्या देत उठली.

दुपारी नवरा वाळू तुडवत आला. शर्टावर हळद, डोळे कांद्याने लाल.

"आई तुला बोलावतेय."

"बरं नाही का त्यांना?"

"बरी आहे. चिडलीय. आमटी खारट झालीय. कॅप्टन म्हणतो मीठ मी घातलं, मी म्हणतो त्याने घातलं."

"दोघांनी घातलं असेल."

"चल ना गं. एका वेळचं फक्त."

तिने त्याच्याकडे पाहिलं. माणूस थकला होता. जीव कळवळला, पण ती हलली नाही.

"एका वेळेच्या दोन होतात, दोनांचा आठवडा होतो. नाही येणार."

तो थोडा वेळ उभा राहिला, मग तिच्या शेजारी बसला. शर्टावरची हळद नखाने खरवडू लागला.

"संध्याकाळी या," ती शेवटी म्हणाली. "लांबवर फिरून येऊ. पण जेवून या."